गाईचं पान

गणपती गेले की आमच्या बेव्हर्ली पार्कात पंधरा दिवस एक विचित्र शांतता येते. मांडवाचे बांबू रस्त्याच्या कडेला आडवे पडतात, ढोलवाले आपापल्या नोकऱ्यांवर परततात आणि इस्टेट एजंट दुकानाबाहेर खुर्ची टाकून मोबाईल बघत बसतात, कारण या दिवसांत कुणी फ्लॅट बघायलासुद्धा येत नाही. ऊन भाद्रपदाचं, अंगाला चिकटणारं. आणि दुपार व्हायच्या आत लिफ्टमध्ये वास सुरू होतो. तळणीचा, आमसुलाच्या चटणीचा, भोपळ्याच्या भाजीचा, खिरीतल्या वेलचीचा. हा वास आला की बाकीच्यांना आपापली गेलेली माणसं आठवतात. मला एक गाय आठवते, आणि मग दिवसभर माझं डोकं फिरलेलं असतं.

काल लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरच्या पाटकर वहिनी भेटल्या. हातात फॉइलनं झाकलेलं पान. श्राद्धाच्या स्वयंपाकातून एक पान कावळ्याचं आणि एक गाईचं काढतात, त्यातलं हे गाईचं.

"बरं झालं डॉक्टर, तुम्हीच भेटलात. कावळा आला हो, पण गाय कुठे मिळत नाहीये. तुमच्या ओळखीची एखादी असेल ना जवळपास?"

प्लंबर आहे का हो ओळखीचा, असं विचारावं तसं त्यांनी विचारलं.

"नाही वहिनी."

"असं कसं? तुम्ही तर जनावरांच्याच डॉक्टर."

होती एक, असं मी मनात म्हटलं. तुमच्यासारख्यांच्या खिरीनंच गेली. तोंडानं मात्र "बघते" एवढंच म्हणाले, कारण शेजार टिकवायचा असतो आणि आमच्या मजल्यावरचं पाण्याचं प्रकरण अजून त्यांच्या मिस्टरांकडे, म्हणजे सोसायटीच्या सेक्रेटरींकडे, पडून आहे.

मी एका संस्थेच्या फिरत्या दवाखान्यावर काम करते. एक पांढरी गाडी, आत औषधांचं कपाट, सलाईनच्या बाटल्या, दोरखंड, पोटात घालायची लांब रबरी नळी आणि स्टिअरिंगवर सलीमभाई. मीरा-भाईंदरमध्ये जनावरं आहेत म्हटलं की लोक हसतात. जणू यांचं रोजचं दूध टॉवरच्या टाकीतून येतं. इथल्या काशी गावाकडे म्हशींचे तबेले आहेत, चेण्याच्या अंगाला शेळ्या आहेत, उत्तनला घराघराच्या मागे कोंबड्या आहेत, आणि राई-मुर्ध्याला मिठागरांच्या कडेनं जुन्या आगरी घरांतून उरलीसुरली गुरं आहेत. आम्ही त्यांच्या दारात जातो. लस टोचतो, जखमा धुतो, अडलेलं वासरू ओढून काढतो, आणि जाता जाता सल्ला देतो.

हा जो सल्ला आहे ना, तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा वाया गेलेला श्रम आहे. इंजेक्शन दिलं की मी डॉक्टर, सल्ला दिला की मी कालची पोरगी. तबेलेवाले भैया मान हलवतात, "हाँ मॅडम, बराबर मॅडम" म्हणतात आणि माझी गाडी वळली की पुन्हा तेच करतात. उत्तनच्या मावशा निदान कागदात थोडे सुके बोंबील तरी बांधून देतात. आणि आमच्या कॉम्प्लेक्सातली सुशिक्षित माणसं गाडी थांबवून विचारतात, "मॅडम, आमच्या ब्रूनोची नखं कापाल का, दोन मिनिटांचंच काम आहे." मी हसते. सलीमभाई हसत नाहीत. "मॅडम, आप बहुत हसती हो," असं ते मला एकदा म्हणाले होते.

यमुनाबाय मुर्ध्याच्या. साठीच्या पुढच्या, काष्टा घट्ट मारलेला, आवाज खणखणीत. नवरा गेला, भाताचं शेत खारं पाणी शिरून बसलं, मुलगा सुनेला घेऊन नालासोपाऱ्याला गेला. गोठ्यात एकटी तांबू राहिली. तांबडी, कपाळावर पांढरा टिकला, शिंगं आत वळलेली, आणि स्वभावानं इतकी गरीब की लस टोचताना तिला बांधावं लागत नसे. दूध बेताचंच होतं तिचं. पण यमुनाबाय तिला रोज सकाळी भाईंदर पश्चिमेला एका देवळाबाहेरच्या पिंपळाखाली आणून उभी करत. शेजारी गवताच्या जुड्या आणि पैशांसाठी अंथरलेलं फडकं. येणारा-जाणारा पैसे देऊन जुडी घेई, गाईला घाली, पाठीवर हात फिरवून तो कपाळाला लावी. मुंबईत ज्यानं देऊळ पाहिलंय त्यानं अशी गायवाली पाहिलेलीच असते. एका गाईवर एक म्हातारी बाई जगत होती, आणि त्या म्हातारीवर ती गाय. यापलीकडे दोघींना कुणी नव्हतं.

आमची गाडी महिन्यातून एकदोनदा तिथे थांबे. मी तांबूला तपासे आणि मग उगीचच थोडा वेळ थांबून राही. भर बाजारात, रिक्षांच्या हॉर्नमध्ये, ती डोळे अर्धे मिटून रवंथ करत बसलेली असायची. तिचा तो गाल एका लयीत हलताना बघितला की माझीही दिवसभराची चिडचिड उतरायची. शेजारच्या फरसाणवाल्याची गिऱ्हाइकं गुजरातीत भांडत असायची, यमुनाबाय कुणाला तरी "जुरी घे, बाबा, ताजी हाय" म्हणत असायच्या, आणि ती आपली चघळतेय. मला ती जागा आवडत असे.

तांबूला यमुनाबाय कचऱ्याजवळ फिरकू देत नसत. बाकीच्या सोडलेल्या गाई दुपारी उकिरड्यावर पिशव्या चघळताना दिसतात. तांबूची दोरी मात्र त्या मनगटाला गुंडाळून ठेवायच्या. "ही काय भिकारीन हाय का कचरा खायाला?" म्हणायच्या.

दोन वर्षांपूर्वीचा पितृपक्ष लागला आणि पिंपळाखाली रांग लागली. आमच्याकडची खीर-वडे, गुजरात्यांची दूधपाक-पुरी, मारवाड्यांची लापशी, कुणाचा नुसता भातावर तूप घातलेला गोळा. ज्याच्या-त्याच्या बापाला जे आवडत होतं ते सगळं एका गाईच्या तोंडासमोर. मी गाडीतून उतरले आणि बघतच राहिले. तांबू खात होती. नुसती खात नव्हती, हपापून खात होती. एक पान संपायच्या आत दुसऱ्याकडे मान वळवत होती, आणि लोक धन्य होऊन यमुनाबायच्या फडक्यावर नोटा टाकत होते. एक गृहस्थ रडत होते. "बघ, बघ, कसे खातायत," असं बायकोला म्हणत होते. खातेय नाही, खातायत.

मला गाईचं पोट माहीत आहे, एवढाच काय तो माझा गुन्हा. गाईच्या पोटाचा पहिला कप्पा म्हणजे आंबवणाचं मोठं पिंप आहे. त्यात गवत, पेंढा सावकाश कुजतो, वर येतो, पुन्हा चघळला जातो. त्यात एकदम शिजलेला भात, मैदा, साखर पडली की ते फसफसून आंबट होतं, आणि तो आंबटपणा पोट जाळून रक्तात उतरतो. मग रवंथ थांबतो. रवंथ थांबलेली गाय म्हणजे बंद पडत चाललेली गाय. थोडं पोटात गेलं तर निभतं. उपाशी गाईच्या पोटात गेलं तर निभत नाही.

"यमुनाबाय, हिला सकाळी काय घातलं होतं?"

"काय न्हाय."

"आणि काल संध्याकाळी?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग रांगेकडे, आणि आवाज खाली आणला. "बाय, या दिवसांत उपाशीच आनतात. आमची सासू पन तशीच आनायची. पोट भरून आनली त ती पानाकडं बघत न्हाय. मंग लोका बोलतान, आमचा बाप रागावला. रडतान पन. दुसऱ्या गाईकडं जातान."

म्हणजे हा धंद्यातला जुना रिवाज होता. पितर जेवले हे गाईच्या जिभेवरून कळतं. म्हणून पंधरा दिवस तिला भुकेली ठेवायची. यात यमुनाबायना क्रूरपणा दिसत नव्हता. त्यांना वाटत होतं, सगळं गोडधोडच तर खातेय, एरवी तिला खीर कोण घालतं? मी तिथेच रस्त्यावर उकिडवी बसून त्यांना पोट समजावून सांगितलं. पहिल्यांदाच असं झालं की कुणीतरी माझा सल्ला शेवटपर्यंत ऐकला. त्यांनी तांबूच्या कुशीवर हात ठेवला आणि विचारलं, "मरल?"

"मरू शकते."

"मंग न्हाय ठेवत उपाशी."

आम्ही दोघींनी ठरवलं. पहाटे पोटभर पेंढा घालायचा, मग निघायचं. आलेलं पान हातात घ्यायचं, तांबूच्या ओठाला चिमूटभर लावायचं आणि बाकीचं बादलीत टाकायचं. मी एक पुठ्ठ्याचा बोर्ड लिहून पिंपळाला बांधला. शिजवलेलं अन्न गाईच्या जिवावर बेतू शकतं, कृपया फक्त गवत घाला. मराठीत, हिंदीत, आणि फरसाणवाल्याकडून गुजरातीत लिहून घेतलेलं. मला त्या दिवशी स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या बाजूनं गेलो तर बोर्ड कुणीतरी सोडून जमिनीवर आडवा ठेवला होता आणि त्यावर पानं मांडली होती. जमिनीला अन्न लागू नये म्हणून.

आणि बादली तर कुणालाच चालेना. "बादलीत? आमच्या आईचं अन्न बादलीत टाकताय?" एका बाईंनी पान परत ओढून घेतलं. मग मी उभी असतानाच पन्नाशीचं एक जोडपं आलं. बाईंनी पान तांबूसमोर धरलं. तांबूचं पोट पेंढ्यानं भरलेलं. तिनं हुंगलं, नाक फुरफुरवलं आणि तोंड फिरवलं. बाईंनी दुसऱ्या बाजूनं जाऊन धरलं. तांबूनं पुन्हा तोंड फिरवलं. त्या बाईंचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. "माई अजून रागावल्यात," असं म्हणून त्या रस्त्यातच ओक्साबोक्शी रडायला लागल्या. त्यांच्या माईंना त्यांनी कुठे ठेवलं होतं, शेवटी भेटायला गेल्या होत्या की नव्हत्या, ते त्यांचं त्यांना ठाऊक. नवरा यमुनाबायवर ओरडला, "आजारी गाय कशाला आणता? लोकांच्या भावनांशी खेळता?"

मी पुढे होऊन म्हटलं, "गाय आजारी नाही. तिचं पोट भरलंय."

"तुम्ही कोण?"

"डॉक्टर."

"मग दवाखान्यात बसा ना," तो म्हणाला. आणि दोघं पुढच्या चौकात गेली. तिथे एका माणसानं एक मोठी काळी-पांढरी गाय आणून उभी केली होती, आणि ती सगळं खात होती.

हे मी घरी आईला सांगितलं. आईनं ऐकून घेतलं, हळहळली, आणि म्हणाली, "ते खरं गं. पण परवा बाबांची तिथी आहे. एक घास तरी घालायला हवा ना?"

"गवताची जुडी घाल."

"बाबांना गवत घालू?"

बाबा आयुष्यभर परळच्या चाळीत बटाट्याच्या काचऱ्या आणि वरणभात खाऊन राहिले, त्यांना गवत कसं घालायचं? मी आईला समजावू शकले नाही, तर पिंपळाखालच्या रांगेला काय समजावणार होते? शेवटी आईनं एक लहानसा घास केळीच्या पानावर ठेवला, मी तो खाली नेला आणि झाडाच्या मुळाशी ठेवून वर आले. "खाल्लं गाईनं?" आईनं विचारलं. मी हो म्हटलं.

रांग आता पुढच्या चौकात लागत होती. यमुनाबाय पिंपळाखाली भरल्या पोटाची गाय घेऊन बसलेल्या असत आणि लोक त्यांच्यासमोरून पानं घेऊन पुढे जात. वर्षभर गवताची जुडी घेणारेसुद्धा. मी विचारलं की त्या म्हणायच्या, "बाय, तुजा खरा हाय." तक्रार एका शब्दानं केली नाही. पण मी काही आंधळी नव्हते. गायवालीचे हे पंधरा दिवस म्हणजे वर्षाची कमाई. पावसाळ्यानंतर गोठ्यावर पत्रा घालायचा होता, तोही याच दिवसांच्या भरवशावर. मी तांबूला भरलेलं पोट दिलं होतं आणि त्यांना रिकामं फडकं.

सर्वपित्री अमावस्येला ज्यांना तिथी माहीत नाही, ज्यांची तिथी चुकली, ज्यांना एरवी सुट्टी मिळत नाही, त्या सगळ्यांचे पितर एकदम जेवतात. पाहुण्यांना दुसरी तारीख मोकळी नव्हती, म्हणून अमावस्या असूनही त्याच दिवशी आमच्या संस्थेला नवी गाडी मिळायची होती. एका मैदानावर मांडव, दोन्ही गाड्यांना झेंडूच्या माळा, जुन्या गाडीच्यासुद्धा बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक. पाहुणे यायचे होते. पशुपालकांच्या दारी आरोग्यसेवा, असं मागे लिहिलेलं होतं, आणि त्या सेवेची दोन्ही वाहनं सकाळपासून एका जागी उभी होती. मी ठेवणीतली साडी नेसून फुलांचा गुच्छ धरून बसले होते. तेव्हा फोन आला.

"बाय, तांबू बसली. उठत न्हाय. तू ये."

"रवंथ करतेय?"

"न्हाय. कालपासून न्हाय."

मला जे कळायचं ते कळलं. मी आयोजकांना सांगितलं, जावं लागेल, गाडी लागेल. ते फार सभ्यपणे म्हणाले, "मॅडम, पाहुणे गोडबंदरपर्यंत आलेत. फीत कापली की लगेच सोडतो. फोटोत गाडी हवी ना." मी पुन्हा म्हटलं, गाय मरतेय. "हो हो, फीत कापली की लगेच."

मी बॅग आणि रबरी नळी घेतली आणि रिक्षा केली. सलीमभाईंनी गाडीतून सलाईनच्या जेवढ्या बाटल्या माझ्या पिशवीत मावल्या तेवढ्या कोंबल्या. "आप निकलो, मैं आता हूँ," म्हणाले, आणि चावी मुठीत धरून त्या माळांजवळ उभे राहिले.

तांबू पिंपळाखाली मान पोटाकडे वळवून बसली होती. डोळे आत गेलेले, नाक कोरडं, पातळ आंबट वासाचं शेण मागे पसरलेलं. मी कुशीवर मूठ दाबली तर आत पाणी हिंदकळल्याचा आवाज आला. दात करकर खात होती, गाय वेदनेत असली की खाते तसे. यमुनाबायनी तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं.

"उपाशी आणली होती?"

त्यांनी मान हलवली. "काल पन, आज पन. काल लई लोका आली. खूप खाल्ला तिनी." मग म्हणाल्या, "मना वाटला, दोनच दिवस हायत."

मी त्यांच्यावर रागावले नाही. कुणावर रागवायचं हे मला तेव्हाही कळत नव्हतं. नळी घातली, सोड्याचं पाणी पोटात सोडलं, मानेच्या शिरेत सलाईन लावलं आणि बाटली धरायला फरसाणवाल्याला उभा केला. खरं तर पोट उघडून आतलं सगळं बाहेर काढायला हवं होतं. त्याची हत्यारं गाडीत होती. गाडी मैदानावर होती.

आमच्याभोवती गर्दी जमली. मोबाईल वर झाले. कुणी म्हणालं, उन्हानं झालंय. कुणी म्हणालं, नजर लागली. आणि त्या गर्दीतून एक तरुण वाट काढत पुढे आला. पाठीला लॅपटॉपची बॅग, हातात पान. घाम आलेला, धाप लागलेली.

"मॅडम, एक मिनिट. हाफ डे टाकून आलोय. दुसरी गाय निघून गेली."

"दिसत नाही का तुम्हाला?"

"दिसतंय हो. फक्त तोंडाला लावतो. वडिलांचं पहिलंच वर्ष आहे." त्याचा आवाज खरोखर रडवेला होता. तो वाईट माणूस नव्हता. त्या सगळ्यांत मिळून एकही वाईट माणूस नव्हता, हेच मला सहन होत नाही. मी सिरिंज भरत होते, दोन्ही हात गुंतलेले. त्यानं वाकून खिरीत बुडवलेला पुरीचा तुकडा तांबूच्या ओठांत सरकवला. तिच्या जिभेत जोर नव्हता, तुकडा तसाच राहिला. त्यानं डोळे मिटून हात जोडले. मग यमुनाबायच्या पदरात काहीतरी ठेवून तो निघून गेला. मी बोट घालून तो तुकडा बाहेर काढला.

सलीमभाई माळा लटकवलेली गाडी घेऊन पोचले तेव्हा उन्हं कलली होती. त्यांनी ब्रेक दाबला त्याच्या थोडं आधी तांबूनं पाय ताणले होते. ते उतरले, बघितलं, आणि गाडीवरच्या माळा ओढून तोडायला लागले. त्यांनी सगळ्या तोडल्या.

मग गर्दीनं हळद-कुंकू आणलं. हार आणला. "अमावस्येला गेली, पुण्यवान," असं एक बाई म्हणाल्या. "सगळ्यांच्या पितरांना घेऊन गेली." लोकांनी पाया पडून घेतलं. आदल्या दिवसापासून उपाशी ठेवलेल्या, आंबलेल्या पोटानं तडफडून मेलेल्या जनावराच्या पायांवर ते डोकं ठेवत होते आणि त्यांना फार बरं वाटत होतं.

संध्याकाळी आमच्या कॉम्प्लेक्सच्या ग्रुपवर फोटो आला. हात जोडलेली चिन्हं, पणत्या. आणि मग कुणीतरी लिहिलं की प्लास्टिक खाल्लं असणार, या गाईंना लोक काय वाट्टेल ते खायला घालतात. सगळ्यांनी ते लगेच उचललं. प्लास्टिकबंदीवर फार चांगली चर्चा झाली. प्लास्टिक कुणाच्याच पानात वाढलेलं नसतं, त्यामुळे ते सगळ्यांना सोयीचं पडलं.

मी दुसऱ्या दिवशी तिचं शवविच्छेदन केलं. आत भात होता, खीर होती, वड्यांचे तुकडे, पुऱ्यांचा लगदा, त्याच्याखाली थोडासा जुना पेंढा. शहरातल्या गाईचं पोट उघडलं की पिशव्यांचा गोळा हमखास निघतो. तांबूच्या पोटात पिशवीची एक चिंधीही नव्हती. त्या बाईनं तिला एवढं जपलं होतं. मी हातमोजे काढले आणि गाडीच्या पायरीवर बसून रडले, मोठ्यानं, नवरात्राची पहिली माळ होती तरी. ग्रुपवर मी लिहिलं, प्लास्टिक नव्हतं, श्राद्धाचं अन्न होतं. थोड्या वेळानं गरब्याच्या पासांबद्दल मेसेज आले.

त्यानंतर मी कुणाला पोट समजावत बसत नाही असं मला म्हणायचं होतं, पण ते खरं नाही. मी अजून सांगते. गेल्या आठवड्यातच काशीच्या तबेल्यात तासभर बोलले. "हाँ मॅडम, बराबर मॅडम." फक्त आता सल्ला देताना समोरच्याचं ऐकणं मला पूर्वीइतकं गोड वाटत नाही. यमुनाबायनी माझं ऐकलं होतं. ऐकून त्या उपाशी राहिल्या, आणि न ऐकून त्यांची गाय गेली. यांतला कुठला रस्ता मी त्यांना सांगायला हवा होता, हे मला आजही कुणी सांगितलेलं नाही. पुस्तकात त्याच्यावर प्रकरण नाही.

आज बाबांची तिथी. आईचे गुडघे आता उभं राहू देत नाहीत, म्हणून तिनं भाईंदर पश्चिमेच्या एका केटररकडे श्राद्धाचं ताट सांगितलं होतं. हल्ली असं मिळतं. त्याबरोबर कावळ्याचं आणि गाईचं अशी वेगळी पाकिटंही मिळतात. तुम्हाला गाय शोधायची नसेल तर तेच कुठल्याशा गोशाळेत पोचवतात. मी ताट आणायला गेले. दुकानाच्या पुढच्या बाजूला लांब टेबल, त्यावर चांदीच्या कागदाच्या पाकिटांची रांग, मागे तीन-चार बायका टोप्या घालून भराभर पाकिटं भरतायत. त्यांतल्या एकीनं मान वर केली आणि म्हणाली, "बाय! तू?"

टोपीखाली यमुनाबाय फार लहान दिसत होत्या. काष्टा नव्हता, कुणीतरी दिलेला ढगळ पंजाबी ड्रेस होता. आवाज मात्र तसाच होता.

"इथे कधीपासून?"

"मागल्या साली धरला काम. पुऱ्या लाटते, पाकिटा भरते. पितरांचा सीझन मोठा असतो." त्यांनी माझं ताट पिशवीत ठेवलं. मग एक रिकामं पाकीट ओढलं, त्यात भात घातला, खीर ओतली, वडे ठेवले, वरून पुऱ्या.

"हे काय?"

"गाईचा. ताटाबरोबर येतो."

"मला नको."

"घे. न्हाय घेतलास त शेठ मना विचारल."

त्यांचे हात थांबले नव्हते. दाबून भरत होत्या, कडेपर्यंत. मला राहवलं नाही. "यमुनाबाय, तुम्ही हे भरता? एवढं?"

"भरते."

"तुम्हाला माहीत आहे ना यानं काय होतं?"

त्यांनी पाकिटाची कड दुमडली, अंगठ्यानं दाबून पक्की केली. माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, लाजेनंही नाही. पिंपळाखाली जुडी विकताना बघायच्या तसंच.

"माहीत हाय," त्या म्हणाल्या. "पन ती गाय माजी थोडीच हाय, बाय."

पाकीट त्यांनी माझ्या पुढ्यात सरकवलं आणि माझ्या खांद्यावरून मागे बघत म्हणाल्या, "चला, पुढं कोन हाय?"